कोड मोकळा, सातबारा दुसऱ्याच्या नावावर: लिब्रेऑफिसनं स्वतःची संस्था कशी उभी केली

लिब्रेऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखं, लिहायला आणि हिशेब करायला लागणारं सॉफ्टवेअर. त्याच्या लोगोखाली बारीक अक्षरात 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक जण वाचत नाहीत. सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, मराठी नीट टाइप होतंय, गावच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल निघतोय, मग खालचं नाव कशाला बघायचं. मी मध्ये एकदा शोधायला बसलो की हे फाउंडेशन म्हणजे नक्की काय, कंपनी आहे, ट्रस्ट आहे की आणखी काही, आणि त्यातून जी गोष्ट हाती लागली ती मला फार महत्त्वाची वाटते, विशेषतः जे लोक आपल्याकडे मोकळ्या सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरसाठी, एखादी संस्था काढायचं म्हणतायत त्यांच्यासाठी. म्हणून पूर्ण लिहून काढतोय, थोडं लांबेल.

मुद्दा असा की या सॉफ्टवेअरचा कोड, तेव्हा त्याचं नाव ओपनऑफिस, २००० सालापासूनच मोकळा होता, लायसन्स चांगलं होतं, जगभरातून माणसं राबत होती, आणि तरी दहा वर्षांनी त्याच माणसांना स्वतः वाढवलेलं नाव, साइट, सर्व्हर सगळं मागे टाकून बाहेर पडावं लागलं. जमीन कसत होते ते, आणि सातबारा होता दुसऱ्याच्या नावावर.

आधीचं घर

सुरुवात जर्मनीत. मार्को ब्योरिस नावाच्या एका मुलानं शाळकरी वयातच लुनेबुर्गमध्ये स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली, स्टाररायटर नावाचा वर्ड प्रोसेसर केला, त्याचं पुढे स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन संगणक कंपनीनं ती कंपनी विकत घेतली. जुलै २००० मध्ये सननं जाहीर केलं की आम्ही हा कोड मोकळा करतोय, आणि १३ ऑक्टोबर २००० ला तो ओपनऑफिस डॉट ऑर्ग या नावानं खरंच बाहेर आला. ही मोठी गोष्ट होती, सनला तिचं श्रेय द्यायलाच हवं. १.० आवृत्ती मे २००२ मध्ये आली, आणि ओडीएफ ही फाइलची पद्धत आधी २००५ मध्ये ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं आणि २००६ मध्ये आयएसओचं स्टँडर्ड झाली, तीही याच कामातून.

पण त्या पहिल्या जाहीर घोषणेत आणखी एक गोष्ट होती, की हा प्रकल्प चालवायला एक स्वतंत्र फाउंडेशन काढलं जाईल. ते काही निघालं नाही. दहा वर्षं निघालं नाही.

आता ते निघालं नाही म्हणजे रोजच्या कामात काय फरक पडत होता ते बघा. ट्रेडमार्क सनचा. डोमेन सनचं, सर्व्हर सनचे. मुख्य डेव्हलपर बहुतेक हॅम्बुर्गच्या ऑफिसात सनच्याच पगारावर, त्यामुळे कुठला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आत घ्यायचा आणि कुठला तसाच पडू द्यायचा हेही तिथेच ठरणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कॉपीराइट. तुम्ही कोड लिहून दिलात तर एक करार छापून, सही करून पाठवायचा, ज्यात तुमच्या कोडची मालकी सनबरोबर वाटून घेतल्याचं लिहिलेलं, म्हणजे तुम्ही आणि सन दोघंही मालक. ऐकायला बरोबरीचं वाटतं, पण प्रत्यक्षात तुमच्याकडे तुमच्या दोनशे ओळींची मालकी आणि सनकडे सगळ्यांच्या सगळ्या ओळींची. त्यामुळे सन तोच कोड बंद लायसन्सखाली स्टारऑफिस म्हणून विकू शकत होती, दुसऱ्या कंपन्यांना वेगळ्या अटींवर देऊ शकत होती. बाकी कुणालाच ते शक्य नव्हतं.

यावर लोकांनी वाट काढली होती, कायमची नाही पण चालवून नेण्यापुरती. नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मायकेल मीक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी जे पॅच सनकडे अडकून पडायचे ते एकत्र बांधून ठेवायला सुरुवात केली, त्याला पुढे गो-ओओ असं नाव पडलं. लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारख्या तयार बांधून मिळणाऱ्या आवृत्त्या, हाच पॅच लावलेला माल देत होत्या. म्हणजे उबुंटूवर बसलेला माणूस म्हणायचा मी ओपनऑफिस वापरतो, पण त्याच्या समोर असायचं ते शेजारच्या वाड्यात दुरुस्त झालेलं. फूट पडायच्या कितीतरी आधी फूट पडलेली होती, फक्त बोर्डावर नाव एकच होतं.

सन चांगल्या मनाची होती म्हणून दहा वर्षं निभावलं. पण मालक बदलला की चांगलं मन त्याच्याबरोबर जातं, सातबारा मात्र नव्या मालकाकडे येतो. ओरॅकल या डेटाबेसवाल्या मोठ्या कंपनीनं एप्रिल २००९ मध्ये सन विकत घेणार म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पुरा झाला. त्यानंतरचे सहा-आठ महिने बघितले तर लोक का घाबरले ते कळतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये ओडीएफ उघडण्यासाठीचं प्लगइन आधी फुकट मिळायचं, त्याला पैसे लागायला लागले. ओपनसोलारिस या मोकळ्या प्रकल्पाचं काम ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलनं थांबवलं. त्याच महिन्यात सनकडून आलेल्या जाव्हा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून गूगलवर दावा लावला. ओपनऑफिसबद्दल ओरॅकल वाईट काही बोलली नव्हती, पण पुढे काय करणार याबद्दल ठोस असंही काही सांगत नव्हती, आणि ज्याचा वेळ, ज्याची दहा वर्षं त्यात गेलीयत त्याला असं गप्प बसणं सगळ्यात जास्त टोचतं.

२८ सप्टेंबर २०१०

त्या दिवशी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा झाली. करणारे लोक बाहेरचे नव्हतेच, तीच जुनी मंडळी: फ्लोरियन एफेनबर्गर, थॉर्स्टन बेहरेन्स, शार्ल शुल्झ, इटालो विन्योली, सोफी गोतिए, ब्राझीलचे ओलिव्हियर हॅलोट, रेड हॅट या लिनक्स कंपनीतले कॉलन मॅकनमारा, आणि वर म्हटलेले मीक्स. भाषांतर, मार्केटिंग, कोड, सगळ्या बाजूंची माणसं होती, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नुसते डेव्हलपर बाहेर पडले असते तर तो फक्त एक फोर्क, म्हणजे कोडची फुटून निघालेली वेगळी शाखा, झाला असता.

लिब्रेऑफिस हे नाव त्या दिवशी तात्पुरतं होतं. त्यांनी ओरॅकलला चक्क आमंत्रण दिलं, की तुम्हीही या फाउंडेशनमध्ये या आणि ओपनऑफिस हे नाव दान करा, म्हणजे सगळं एकाच नावाखाली राहील. ओरॅकलनं ते दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिसच्या कम्युनिटी कौन्सिलची बैठक झाली, तिथे ओरॅकलच्या लोकांनी सांगितलं की जे फाउंडेशनमध्ये गेलेत त्यांचे हितसंबंध आता आड येतात, त्यांनी कौन्सिल सोडावी. महिना संपताना जर्मन भाषेच्या टीममधल्या ३३ जणांनी एकत्र पत्र लिहून ओपनऑफिस सोडलं.

ज्याला आपल्याकडची संस्था फुटताना बघायचा अनुभव आहे, मग ती शाळा असो, पतपेढी असो की नाटक मंडळ, त्याला माहीत असतं की अशा वेळी दोन्ही बाजूंना खुर्च्या, कपाट, शिक्का आणि बँकेचं पासबुक कुणाकडे यावरच भांडण होतं. इथे कपाट, शिक्का सगळं ओरॅकलकडे राहिलं आणि हे लोक रिकाम्या हातानं निघाले, फक्त कोड बरोबर घेऊन, कारण लायसन्समुळे तेवढा कुणी अडवू शकत नव्हतं. मोकळ्या लायसन्सचं खरं मोल इथे दिसतं. लायसन्सनं घर दिलं नाही, पण घरातून बियाणं घेऊन निघायचा हक्क दिला.

२५ जानेवारी २०११ ला लिब्रेऑफिस ३.३ बाहेर आलं, ओपनऑफिसचं ३.३ आलं त्याच सुमारास. थोड्याच महिन्यांत उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, डेबियन या सगळ्या लिनक्स डिस्ट्रोंनी नवं नाव उचललं.

आठ दिवसांत पन्नास हजार युरो

आता संस्था. नाव जाहीर केलं म्हणून संस्था होत नाही, तिची नोंदणी लागते, आणि त्यांनी जो प्रकार निवडला त्याला आधी भांडवल दाखवावं लागत होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी लोकांपुढे हात पसरला, ५०,००० युरो हवेत. आठ दिवसांत जमले. साध्या वापरणाऱ्यांनी पाच-दहा-पन्नास युरो करत दिले.

पण नोंदणी व्हायला वर्ष लागलं, १७ फेब्रुवारी २०१२ ला बर्लिनमध्ये फाउंडेशन अधिकृत झालं. मधल्या काळात पैसा ठेवायचा कुठे, सर्व्हर कुणाच्या नावावर घ्यायचे? तर जर्मनीत आधीपासून ओपनऑफिसच्या कामासाठी एक नोंदणीकृत संघ होता, त्यानं नाव बदलून फ्रायस ऑफिस डॉइचलँड केलं होतं, त्यानं ही जबाबदारी घेतली. आणि अमेरिकेतल्या डोनेशनसाठी सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट, म्हणजे तीच छत्री-संस्था जी १९९७ मध्ये डेबियनसाठी निघाली होती आणि आता बऱ्याच प्रकल्पांचे पैसे सांभाळते. नव्या संस्थेला जुन्या संस्थेनं वर्षभर पदराखाली घेणं हा भाग सहसा कुणी सांगत नाही, पण तो नसता तर ते पन्नास हजार युरो कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात ठेवावे लागले असते, आणि तिथून किती संस्थांचं वाटोळं होतं हे आपण बघतोच.

आणि मधल्या त्या वर्षात काय झालं? एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलनं सांगितलं की ओपनऑफिसचा धंदा आता करणार नाही, आणि जूनमध्ये कोड आणि नाव दोन्ही अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं. म्हणजे जे नाव या लोकांनी मागितलं होतं ते दुसऱ्याच धर्मादाय संस्थेला मिळालं. त्याच्याकडे नंतर येतो.

संस्थेचा प्रकार का महत्त्वाचा

जर्मन कायद्यात ढोबळ मानानं दोन रस्ते होते. एक नोंदणीकृत संघ, म्हणजे आपल्याकडे सोसायटी रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १८६० खाली निघते तसली, सभासदांची संस्था. सभासद सर्वोच्च, सभासदांनी ठरवलं तर घटना बदलते, उद्देश बदलतो. दुसरा रस्ता श्टिफ्टुंगचा, हा ट्रस्टच्या जवळचा, यात एकदा लिहिलेला उद्देश सहजासहजी बदलता येत नाही, मूळ भांडवल खाता येत नाही, आणि राज्य सरकारचं खातं वर लक्ष ठेवतं, आपल्याकडे धर्मादाय आयुक्त ठेवतात तसंच म्हणा.

संघ काढणं सोपं होतं, महिन्याभरात झालं असतं. पण त्यातला धोका महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. निवडणुकीच्या तोंडावर तीनशे नवे सभासद एका दिवसात, वर्गणी कुणी भरली माहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संस्था वेगळ्या हातात. एखाद्या मोठ्या कंपनीला आपल्या दोनशे नोकरांना सभासद करायला काय लागतं? ज्या लोकांनी नुकतीच एक कंपनी मालक बदलताना अख्खा प्रकल्प हलताना बघितला होता, त्यांना असं काहीतरी हवं होतं जे विकत घेता येणार नाही. श्टिफ्टुंगला मालक नसतो, शेअर नसतात, त्यामुळे विकायला काही उरतच नाही.

पण श्टिफ्टुंगमध्ये उलटा प्रश्न आहे. तिला सभासदही नसतात. थोडे विश्वस्त बसतात आणि तेच तेच वर्षानुवर्षं बसतात, हेही आपण बघितलंय. मग यांनी घटनेतच सभासदांची सोय घातली, म्हणजे चौकट ट्रस्टची आणि आतला कारभार लोकशाहीचा, आणि नोंदणीला जो वेळ गेला तो बराचसा या अशा वेगळ्या रचनेला सरकारी मान्यता मिळवण्यात गेला.

सभासद कोण होणार, याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त आवडतं. आपल्याकडे कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ ला जे म्हटलं, कसेल त्याची जमीन, जवळपास तेच. पैसे भरून सभासद होता येत नाही, वर्गणीच नाही. तुम्ही काम केलेलं दाखवायचं, साधारण तीन महिने केलेलं, आणि पुढे निदान सहा महिने करायची तयारी. काम म्हणजे फक्त कोड असं नाही, भाषांतर, बग तपासणं, कागदपत्रं लिहिणं, नव्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देणं, डिझाइन, सगळं धरतात. अर्ज सभासद समितीकडे जातो, समिती ते काम खरंच झालंय का बघते आणि मग नाव यादीत घेते. हे कायमचंही नसतं, ठरावीक काळानं सभासदत्व नवं करून घ्यावं लागतं, म्हणजे वीस वर्षांपूर्वी एकदा काम केलं आणि तेव्हापासून फक्त मतदानाला येतोय असं होत नाही.

हे सभासद संचालक मंडळ निवडतात, सात जण आणि वर बदली सदस्य, दोन वर्षांची मुदत. सभासद समितीही तेच निवडतात. आणि घटनेत एक कलम आहे की एकाच कंपनीशी संबंधित लोक मंडळात एक तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाहीत. निवडून आले तरी नाही. हे कलम म्हणजे सरळ सन-ओरॅकलच्या अनुभवातून आलेलं आहे.

तांत्रिक निर्णयांसाठी वेगळी समिती, ज्यात डेव्हलपर बसतात. आणि कंपन्यांना, सरकारांना, दुसऱ्या संस्थांना जागा आहे ती सल्लागार मंडळात. २०११ मध्ये त्यात पहिल्यांदा आले गूगल, सुसे, रेड हॅट, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि वरच्या त्या दोन पालक संस्था, पुढे म्युनिक शहरासारखी नावंही आली. सल्ला द्या, पैसे द्या, मत मात्र नाही. मोठ्या देणगीदाराला सत्काराच्या खुर्चीवर बसवायचं पण चाव्या द्यायच्या नाहीत, हे जमवणं किती अवघड असतं ते संस्था चालवणाऱ्यांनाच माहीत.

कॉपीराइटचं तर त्यांनी मुळातच काढून टाकलं. इथे कुणी कुणाला मालकी लिहून देत नाही, तुम्ही लिहिलेलं तुमचंच, फक्त ते ठरलेल्या मोकळ्या लायसन्सखाली देतो एवढं एकदा मेलवर सांगायचं. परिणाम असा की उद्या फाउंडेशनच्या मंडळानं ठरवलं तरी ते सगळा कोड बंद करू शकत नाही, कारण शेकडो मालकांची परवानगी आणणार कुठून.

पैसा कुठून येतो, कशावर जातो

बहुतेक पैसा छोट्या डोनेशनमधून. डाउनलोडच्या पानावर जी विनंती दिसते ना, तीच, जिच्याकडे दुर्लक्ष करून आपण पुढे जातो. जगभरात काही थोडे लोक थांबतात आणि पाच युरो देतात, त्यावर ही संस्था चालते. त्या पैशातून सर्व्हर, बिल्ड मशीन, भाषांतराची वेबलेट व्यवस्था, वार्षिक परिषद, ट्रेडमार्क सांभाळणं, मोजका पगारी स्टाफ, आणि काही कामं निविदा काढून बाहेरून करून घेणं. धर्मादाय दर्जा असल्यामुळे पैसा साठवून ठेवता येत नाही, ठराविक मुदतीत उद्देशावर खर्च करावा लागतो, आपल्याकडे ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च दाखवावे लागतात त्याच जातीचा नियम.

यातून आपल्याला काय मिळालं त्याचं एक जवळचं उदाहरण देतो. वाचनालयाच्या अहवालात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असे शब्द येतात, त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. मी घरी लिनक्सवर लोहित देवनागरीत टाइप करायचो, तीच फाइल वाचनालयातल्या विंडोजवर त्याच फॉन्टमध्ये उघडली की ओळी वेगळ्या जागी तुटायच्या, अक्षरांमधलं अंतर हलायचं, पानं २८ ची २९ व्हायची आणि अनुक्रमणिका चुकायची. कारण असं होतं की अक्षरं जोडून दाखवायचं काम लिब्रेऑफिस तेव्हा विंडोजवर विंडोजच्या इंजिनाकडून करून घ्यायचं, मॅकवर मॅकच्या, आणि लिनक्सवर २०१३ पासून हार्फबझ नावाच्या मोकळ्या इंजिनाकडून. फेब्रुवारी २०१७ मध्ये ५.३ आवृत्ती आली आणि तिन्हीकडे हार्फबझ झालं. या कामाचा मोठा भाग इजिप्तच्या खालेद होस्नी या डेव्हलपरचा, अरबीसाठी त्यांना जे हवं होतं तेच देवनागरीलाही लागतं. ज्या कंपनीला मुख्य गिऱ्हाईक इंग्रजी आणि जर्मन आहे तिच्या यादीत हे काम कितव्या नंबरावर असतं ते सांगायला नको. २०२३ मध्ये फाउंडेशननं होस्नींना पगारावर घेतलं, खास अशाच लिप्यांच्या कामासाठी. पापणीतल्या र ला एक पगारी माणूस मिळाला, आणि तो पगार कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या पाच युरोंतून निघाला.

तिकडे अपाचेकडे काय झालं

हा भाग न्यायानं सांगायला हवा, कारण सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. अपाचे ही १९९९ पासूनची चांगली, नीट चालणारी धर्मादाय संस्था आहे. ओपनऑफिसला तिथे घटना मिळाली, सर्व्हर मिळाले, जगप्रसिद्ध नाव मिळालं, आयबीएमचा पाठिंबा मिळाला. मे २०१२ मध्ये ३.४ आलं, २०१४ मध्ये ४.१. आणि त्यानंतर ४.१ च्या पुढे मोठी आवृत्ती आलीच नाही, फक्त छोट्या दुरुस्त्या. जुलै २०१६ मध्ये सुरक्षेतलं एक भोक जाहीर झालं आणि ते बुजवलेली पूर्ण आवृत्ती आली ऑक्टोबरमध्ये. त्याच सप्टेंबरमध्ये प्रकल्पाच्या प्रमुखांनीच उघडपणे विचारलं होतं की हे बंद करायची वेळ आली तर कसं करायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा द डॉक्युमेंट फाउंडेशननं जाहीर पत्र लिहून अपाचेला विनवलं की निदान तुमच्या वापरणाऱ्यांना सांगा की पुढचं काम लिब्रेऑफिसमध्ये चालू आहे.

मग संस्था चांगली असून का झालं? माझ्या मते कारण एवढंच की तोपर्यंत माणसं गेली होती. हॅम्बुर्गमधल्या ओरॅकलच्या डेव्हलपरांपैकीही काही रेड हॅटसारख्या ठिकाणी जाऊन लिब्रेऑफिसवर काम करायला लागले होते. शिवाय लायसन्समुळे पाणी एकाच बाजूला वाहत होतं, अपाचेचा कोड लिब्रेऑफिसला घेता येत होता, उलटं होत नव्हतं. सातबारा स्वच्छ होता पण कसणारे हात नव्हते.

कसणारा कोण, हा प्रश्न परत आला

असं वाटेल की आता सगळं सुरळीत झालं. नाही झालं, आणि तो भाग झाकून ठेवला तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

फाउंडेशननं स्वतः बराच काळ डेव्हलपर नेमले नाहीत, कोडचा मोठा हिस्सा कंपन्यांकडून यायचा, विशेषतः कोलाबोरा, जिच्याकडे सुसेची लिब्रेऑफिस टीम २०१३ मध्ये गेली, आणि रेड हॅट. या कंपन्या सरकारांना, मोठ्या ऑफिसांना पैसे घेऊन सपोर्ट देतात आणि त्यातून डेव्हलपरांचे पगार निघतात. पण सगळं जर फाउंडेशनच्या साइटवर फुकट मिळतंय तर गिऱ्हाईक कंपनीकडे का येईल? म्हणून जुलै २०२० मध्ये ७.० च्या चाचणी आवृत्तीत 'पर्सनल एडिशन' असं लिहिलेलं दिसलं, हेतू असा की ऑफिसांनी सपोर्टवाली आवृत्ती विकत घ्यावी. लोक भडकले, त्यांना वाटलं आता पैसे लावणार, आणि ऑगस्टमध्ये ७.० आली ती त्या लेबलाशिवाय. पुढच्या फेब्रुवारीत ७.१ ला 'कम्युनिटी' असं नाव दिलं, त्यावर तेवढा गदारोळ झाला नाही.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२० मध्ये, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनलाइन आवृत्तीचं काम कोलाबोरानं फाउंडेशनच्या सर्व्हरवरून उचलून स्वतःकडे नेलं. कोड मोकळाच राहिला, पण घर बदललं. त्यांचं म्हणणं, बहुतेक सगळं काम आमचं, खर्च आमचा, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हे फाउंडेशन फुकट देतंय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लोकांच्या नावानं वाढवलेली गोष्ट कंपनीच्या दारात का नेता. फाउंडेशनकडची प्रत गोठवली गेली आणि २०२२ मध्ये अधिकृतपणे माळ्यावर टाकली.

मी दोन्ही बाजू बऱ्याच वाचल्या आणि मला कोलाबोराला खलनायक ठरवता येत नाही. कसेल त्याची जमीन म्हटलं आणि कसणाऱ्याला पगार देणारा कुणी तिसराच असेल, तर जमीन कसणाऱ्याची की पगार देणाऱ्याची? घटनेनं याचं उत्तर अर्धं दिलंय, मत माणसाला, कंपनीला नाही, आणि मंडळात तृतीयांशाची मर्यादा. पण मत सुरक्षित ठेवलं म्हणून काम सुरक्षित राहत नाही, काम करणारी टीम उठून गेली तर घटना तिला थांबवू शकत नाही. २०२३ मध्ये रेड हॅटनंही लिब्रेऑफिसची पॅकेजं सांभाळणं थांबवत असल्याचं सांगितलं. आणि याच काळात फाउंडेशननं स्वतःचे डेव्हलपर नेमायला सुरुवात केली, होस्नी त्यातलेच, दुसरे एक जण दृष्टिहीन वगैरे लोकांना सॉफ्टवेअर वापरता यावं यावर काम करतात. मला वाटतं हे दहा वर्षं आधी करायला हवं होतं. संस्थेनं स्वतः थोडी तरी जमीन कसली पाहिजे, म्हणजे बाकीचे उठून गेले तरी निदान बांध शाबूत राहतील. मंडळात यावरूनही बरेच वाद झाले, दान आलेला पैसा कंपन्यांशी स्पर्धा करायला वापरायचा का इथपर्यंत, आणि धर्मादाय कायद्यात काय बसतं आणि काय नाही याच्या चर्चा वकिलांपर्यंत गेल्या.

मराठीचं काय

लिब्रेऑफिसचा इंटरफेस मराठीत आहे, स्पेलचेकचं एक्स्टेंशन मिळतं, आणि मराठी भाषांतराच्या जुन्या कामात पुण्याच्या रेड हॅट ऑफिसातल्या भाषांतर टीमचा हात होता. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्याबरोबर नवीन स्ट्रिंग, म्हणजे मेनूतल्या आणि सूचनांतल्या ओळी, येतात, त्या कुणीतरी मराठीत आणाव्या लागतात, नाहीतर मेनूत मध्येच इंग्रजी ओळी दिसायला लागतात. 'ट्रॅक चेंजेस'ला काय म्हणायचं, 'स्टाइल'ला शैली म्हणायचं की स्टाइलच ठेवायचं, हे एका ऑफिसात बसलेल्या दोघा-तिघांनी ठरवण्यापेक्षा अहवाल, प्रश्नपत्रिका आणि दिवाळी अंक टाइप करणाऱ्यांनी ठरवलेलं बरं. आणि वरचं सभासदत्वाचं कलम इथे परत लागू होतं: वेबलेटवर तीन महिने मराठी स्ट्रिंग भाषांतरित करणारा सांगलीचा किंवा मडगावचा माणूस अर्ज करू शकतो, वर्गणी शून्य, आणि मान्य झाला तर बर्लिनच्या त्या संस्थेच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्याचं मत दुसऱ्या कुठल्याही सभासदाइतकंच, एक. मी मागच्या महिन्यापासून कॅल्क या हिशेबाच्या भागातल्या फंक्शनांची वर्णनं घेतलीयत, रोज झोपायच्या आधी दहा-बारा होतात.